शाब्बास दाराबाहेर

कुणी ‘डोकं दुखतंय’ म्हटलं, की बागूलबाई आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या आणि मग विचारायच्या, ‘कधीपासून?’ इतर माणसं अशा वेळी ‘चहा घे’ म्हणतात, नाहीतर ‘झोप झाली नसेल’ म्हणतात. दुखणारं डोकं लहान मुलाचं असेल तर काहीच म्हणत नाहीत, एकमेकांकडे बघून हसतात. बाई वेळ लिहून घ्यायच्या. एकदा माझंच डोकं ठणकत होतं. त्यांनी पर्समधून छोटी वही काढली आणि लिहिलं, ‘ग्रंथपाल, दुपारी तीन दहा, उजवी बाजू.’ औषध काही दिलं नाही. तरी मला बरं वाटलं होतं. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

नव्वदच्या दशकात नाशिकला आमचं फिजिओथेरपीचं कॉलेज नवं होतं. मी तिथे ग्रंथपाल होतो. पुस्तकं थोडी आणि वेळ भरपूर. सुमन बागूल तिथे शिकवायला होत्या. बुटक्या, गोल चष्मा, कॉटनची साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. विद्यार्थिनी बुटांना हसत. बाई म्हणत, ‘हसा. चाळिशीनंतर गुडघे घेऊन माझ्याकडेच याल.’ त्यांच्या हातांचे पंजे मात्र उंचीच्या मानाने फार रुंद होते. एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवला की आखडलेला खांदा आपसूक खाली येई.

नव्या मुलांशी ओळख करून देण्याची त्यांची एक ठरलेली तऱ्हा होती. ‘मी बागूलबाई. घाबरायचं नाही. बुवा घरी असतात.’ हे बुवा म्हणजे त्यांचे यजमान. पोस्टातून निवृत्त झालेले, अत्यंत मवाळ गृहस्थ. पुढे पुढे आम्हीही त्यांना बुवाच म्हणू लागलो आणि त्यांनीही ते निमूट मान्य केलं.

एका दुपारी मी बाईंच्या खोलीत एक पुस्तक द्यायला गेलो होतो. समोर एक मुलगी बसली होती. दहा वर्षांची असेल. दोन घट्ट वेण्या, मांडीवर दप्तर. शेजारी तिचा मामा.

‘मॅडम, ही मनीषा. बहिणीची मुलगी. कळवणजवळचं गाव आमचं, शिकायला माझ्याकडे ठेवलीय इंदिरानगरला,’ मामा म्हणाला. ‘गणिताचा पेपर आला की हिचं डोकं दुखतं. सुट्टीत गावी गेली की ठणठणीत. शाळेतल्या बाई म्हणतात, नाटकं आहेत. डॉक्टर म्हणाले, तपासण्या चांगल्या आहेत. तुम्ही जरा दम द्या तिला.’

बाई म्हणाल्या, ‘देते की. तुम्ही खाली चहा घेऊन या.’

मामा गेला. मी पुस्तक टेबलावर ठेवून निघणार, तेवढ्यात बाईंची भाषा बदलली. त्या सटाण्याकडच्या. एरवी आमच्यासारखंच बोलत, पण तिकडचं माणूस भेटलं की अहिराणी आपोआप वर यायची.

‘कोठे दुखस, माय?’

मुलीनं मानेच्या मागे हात लावला आणि तो कानावरून कपाळापर्यंत ओढत आणला. बाईंनी दोन बोटं तिच्या मानेवर ठेवली आणि डोळे मिटून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

‘मी खोटं नई बोलस,’ मुलगी म्हणाली.

‘माले माहीत शे,’ बाई म्हणाल्या.

ती गेल्यावर त्या खुर्चीत बसल्या. माझ्याशी बोलल्या, पण बघत होत्या स्वतःच्या बोटांकडे. ‘मान दगड झालीय पोरीची. माझी बोटं सांगतात. पण उद्या मामानं विचारलं, कशावरून, तर काय बोटं दाखवू त्याला?’

तिथून सगळं सुरू झालं. डोकं दुखणाऱ्या मुलांच्या मानेत, खांद्यात, दमात काही फरक असतो का, हे त्यांना मोजायचं होतं. शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांना त्यांनी हे सांगितलं, तेव्हा ते मोठ्यानं हसले. म्हणाले, ‘अहो बाई, मूल आज मोजलं की बारा भरेल, उद्या मोजलं की सोळा. तुम्ही मोजलं की एक, दुसऱ्यानं मोजलं की दुसरंच. आधी तुमचं माप तरी खरं आहे का ते बघा.’

बाई तिथून चिडून येतील असं मला वाटलं होतं. त्या आल्या आणि म्हणाल्या, ‘माणूस उद्धट आहे, पण बोलला बरोबर. ज्या मापावर माझाच भरवसा नाही, ते घेऊन मी पोरांची बाजू कशी मांडणार?’

मग त्यांनी मला विचारलं, ‘ग्रंथपाल, तुम्हाला आकड्यांतलं काही कळतं?’

‘नाही.’

‘छान. मग तुम्हीच हवेत.’

माझं काम असं होतं. जोर मोजायचं एक यंत्र होतं, मुठीत मावणारं, एका बाजूला गादी आणि दुसऱ्या बाजूला तबकडी. मोजणारानं ते मुलाच्या कपाळाला लावून घट्ट धरायचं आणि मुलानं कपाळानं ते ढकलायचं. तबकडी माझ्याकडे वळवलेली असे. मोजणाराला आकडा दिसायचा नाही. मी तो चिठ्ठीवर लिहायचा आणि डब्यात टाकायचा. डबे दोन होते. बाईंचा बिस्किटांचा गोल, आणि सलमाचा चौकोनी. सलमा शेख मालेगावची, आमच्याच कॉलेजात शिकून तिथेच शिकवायला लागलेली. बाईंची सर्वांत लाडकी आणि म्हणून सर्वांत जास्त बोलणी खाणारी. तेच मूल एका शनिवारी बाईंनी मोजायचं आणि सलमानं मोजायचं, पुढच्या शनिवारी पुन्हा दोघींनी. एकीचा आकडा दुसरीला सांगायचा नाही. डबे सहामाहीला एकदाच उघडायचे, तेही मी.

‘आधीचा आकडा माहीत असला ना, की हात त्या आकड्याकडे जातो,’ बाई म्हणत. ‘माणूस लबाड नसतो हो. हात लबाड असतो.’

इंदिरानगरच्या एका शाळेनं हस्तकलेची खोली दिली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाकं भिंतीला लावून आम्ही सुरुवात करायचो. पाठीवर निजून डोकं किंचित उचलायचं आणि धरून ठेवायचं, मी घड्याळ लावायचं. हात आडवे पसरून ठेवायचे. लाकडी पायरीवर तीन मिनिटं चढ-उतर करायची. तेच बाक, तीच खिडकी, खाऊन दोन तास झालेले हवेत. एक जाडसर मुलगा एकदा धापा टाकत आला. बाईंनी त्याचं तोंड हुंगलं आणि म्हणाल्या, ‘मिसळ?’ त्यानं मान डोलावली. ‘पाव किती?’ ‘चार.’ ‘जा. पुढच्या शनिवारी ये. तुझ्याऐवजी मिसळ मोजली जाईल.’

पायरीला ठेका लागतो. सुरुवातीला बाई टाळ्या वाजवत. तिसऱ्या शनिवारी मी भीत भीत म्हणालो, ‘बाई, शेवटच्या मिनिटाला तुमच्या टाळ्या हळू होतात.’ मूल दमलं की त्यांचे हात आपोआप सावकाश व्हायचे. मग शेजारच्या गाण्याच्या बाईंकडून त्यांनी तालाचं विजेवरचं यंत्र आणलं. त्यानंतर नाशिकची ती पोरं केरव्यावर पायरी चढायची आणि उतरायची. यंत्राला दया येत नसे.

पण खरी अडचण निघाली ती ‘शाब्बास’ची. पहिल्या सहामाहीचे डबे उघडले तेव्हा बाईंच्या हाताखाली मुलं मान जास्त वेळ धरत होती आणि सलमाच्या हाताखाली कमी. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. बाई मुलाच्या कानाशी ओणवून म्हणायच्या, ‘वा रे वाघा, अजून थोडं, शाब्बास, शाब्बास माझ्या राजा.’ सलमा बिचारी लाजरी. ती म्हणायची, ‘होल्ड.’

‘म्हणजे मी मान नाही मोजली,’ बाई म्हणाल्या. ‘माझी हाक मोजली.’

त्यांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: तयार. डोकं उचल. धर. धर. धर. सोड. यापलीकडे एक शब्द नाही. तो पुठ्ठा दोघींच्या आवाजात सारखा येईना, म्हणून वाचायचं कामही माझ्याकडे आलं. माझा आवाज पहिल्यापासून सपाट. सलमा म्हणायची, ‘सर वाचतात ना, तेव्हा पुढची नाशिक रोडची गाडी सांगतायत असं वाटतं.’ बाई म्हणायच्या, ‘म्हणूनच घेतलंय त्यांना.’

मग नियम झाला. शाब्बास दाराबाहेर. मूल मोजून झालं की बाई त्याला दाराच्या चौकटीपलीकडे नेत आणि तिथे पाठीवर एवढ्या जोरात थाप मारत की ते दोन पावलं पुढे जाई. ‘शाब्बास!’ मग राजगिऱ्याचा लाडू. आत मात्र त्यांचं तोंड बंद. ओठ घट्ट मिटून, हात मागे बांधून त्या उभ्या राहायच्या. एखादं कुपोषित पोर मान थरथरवत धरून असायचं आणि बाईंच्या गळ्याची शीर हलताना मला दिसायची. त्यांना गप्प राहणं किती जड जातं ते मी तीन फुटांवरून बघत होतो.

असं करत करत मापं जुळू लागली. सगळी नाही. लांब उडी काही केल्या जुळेना, ती बाईंनी टाकून दिली. पण मानेचा जोर, खांद्याचा जोर, पायरी ही मापं दोघींच्या हाती आणि दोन्ही शनिवारी जवळजवळ तीच येऊ लागली. त्या दिवशी बाईंनी पेढे आणले आणि एक पेढा दोन्ही डब्यांसमोर ठेवला. ‘आता मोजू या पोरांना,’ म्हणाल्या. ‘आता कुणी हसू दे.’

मोठं काम नंतर सुरू झालं. डोकं दुखणारी मुलं आणि न दुखणारी, बरीच, शाळाशाळांतून आलेली. ती बहुतेक बाई स्वतःच मोजत. माप शाबूत आहे ना हे बघायला नेहमीची दहा मुलं मात्र दर महिन्याला दोघी मोजत. त्यात मनीषा होती. आता आठवीत. डोकं अजून अधूनमधून दुखायचं, पण मामा तिला नाटकी म्हणायचा बंद झाला होता, कारण बाई दर खेपेला त्याच्यासमोर घड्याळ बघून वेळ लिहून घ्यायच्या.

सिंहस्थाच्या आदल्या वर्षी, शहरातले सगळे रस्ते खणून ठेवले होते तेव्हा, मी सहामाहीचे डबे उघडले. दहा मुलांच्या चिठ्ठ्या लावल्या. चौकोनी डब्यातली मुलं होती तशीच होती, वाढत्या वयाप्रमाणे किंचित वरच. गोल डब्यातली मुलं दर महिन्याला अशक्त होत चालली होती.

मी आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. नियमाप्रमाणे सांगायला हवं होतं. शेवटी कागद बाईंपुढे ठेवला.

आधी यंत्राचा संशय घेतला. दुसरं आणलं. तेच. मग बाईंचा संशय, मला हे लिहिताना आजही जड जातं, सलमावर गेला. त्या तिला म्हणाल्या, ‘तू तोंडानं बोलत नाहीस. पण डोळ्यांनी शाब्बास म्हणतेस. पोरं तुझ्यासाठी जास्त जोर लावतात.’

‘नाही बाई.’

‘मग कशानं येतात तुझे आकडे वर?’

सलमाच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘बाई, तुम्हीच शिकवलंय मला,’ एवढंच म्हणाली.

पुढच्या शनिवारी बाईंनी सलमाला मुलांच्या नजरेआड, डोक्याच्या बाजूला उभं केलं. तिचा चेहरा मुलांना दिसू नये म्हणून. अपमानच होता तो. सलमानं तो मुकाट्यानं सोसला. मनीषाची पाळी आली. आधी सलमानं मोजलं, मग बाईंनी. मी जोराच्या मापाचा दुसरा पुठ्ठा वाचला. तयार. ढकल. ढकल. सोड.

मनीषा उठून बसली, वेणी मागे टाकली आणि म्हणाली, ‘बाई, मी ढकललं की तुमचा हात मागं जातो. सलमा मॅडमचा नाय जात.’

कुणीतरी हसलं. मामा दारात होता, तो ओरडला, ‘ए, गप बस! बाईंना शिकवते काय?’

‘मी खोटं नाय बोलत,’ ती म्हणाली.

खोलीत तालाचं यंत्र उगाच वाजत राहिलं होतं. मी ते बंद केलं. बाईंनी जोर मोजायचं यंत्र डाव्या हातात घेतलं आणि उजवा पंजा डोळ्यांसमोर धरला. तो रुंद पंजा. अंगठ्याच्या मुळाशी मांस उतरून खळगा पडला होता. रोज बघणाऱ्या आम्हा कुणाला तो दिसला नव्हता.

‘खरं सांगते ती,’ बाई म्हणाल्या. ‘पोरं अशक्त होत नव्हती. माझा हात होत होता.’

मग त्यांनी सगळ्या मुलांसमोर सलमाला जवळ बोलावलं. ‘सलमा, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. चुकले.’ सलमा रडत होती, ती नुसती मान हलवत राहिली. बाई मनीषाला घेऊन दाराबाहेर गेल्या. पाठीवर थाप बसल्याचा आवाज आला. नेहमीपेक्षा फार हलका.

मुंबईला तपासण्या झाल्या. स्नायू एकेक करून विझत जातात असा तो आजार होता. त्यावर इलाज नव्हता. बाईंना नाव ऐकताच सगळं कळलं असणार. त्या विषयाचं पुस्तक माझ्याच कपाटात होतं. ते त्या कधी मागायला आल्या नाहीत आणि मीही पुढे केलं नाही.

मागायला आल्या त्या गोल डबा. सगळ्या मुलांच्या, त्यांनी स्वतः मोजलेल्या चिठ्ठ्या. कॉलेजातल्या वरिष्ठांनी समजावलं, मीही धीर करून म्हणालो, ‘बाई, सुरुवातीच्या महिन्यांच्या तरी ठेवा. तेव्हा हात चांगला होता.’

‘कुठल्या शनिवारपर्यंत चांगला होता?’

मला सांगता आलं नाही.

‘मलाही नाही सांगता येत. मग त्यातली एकही ठेवता यायची नाही. यातली निम्मी पोरं डोकं दुखतं म्हणून खोटारडी ठरलेली आहेत, ग्रंथपाल. त्यांच्या बाजूनं मी खोटा आकडा लावू?’

दोन वर्षांच्या शनिवारांवर त्यांनी स्वतः आडवी रेघ मारली. उजव्या हाताला डाव्या हाताचा आधार देऊन, वाकडीतिकडी. सलमानं सगळं पुन्हा सुरू केलं, दुसऱ्या एका मुलीला हाताशी घेऊन. पुढे ते पुरं झालं, छापूनही आलं. बाईंनी त्यात आपलं नाव घालू दिलं नाही. ‘माझी एक चिठ्ठी तरी आहे का त्यात?’ असा त्यांचा सवाल होता. पहिले काही महिने त्या खोलीत येऊन खुर्चीवर बसत आणि दाराबाहेरचं खातं तेवढं सांभाळत. थाप मारता येईना, तेव्हा नुसतं तोंडानं.

मग तेही थांबलं. शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. बुवा दार उघडत. पलंग खिडकीशी ओढलेला होता. पहिल्याच शनिवारी बाई म्हणाल्या, ‘घड्याळ आणलंय? पुठ्ठा?’

मी आणला नव्हता. पुढच्या खेपेपासून नेऊ लागलो. त्यांनी उशी काढायला सांगायचं, मी सपाट आवाजात वाचायचं. तयार. डोकं उचल. धर. धर. धर. त्या पलंगावरून डोकं बोटभर उचलायच्या आणि छताकडे बघत धरायच्या. पडलं की मी आकडा चिठ्ठीवर लिहून गोल डब्यात टाकायचा. त्यांना सांगायचा नाही.

‘सांगितलात तर पुढच्या वेळी मी त्या आकड्यासाठी जोर लावेन,’ त्या म्हणत. आवाज तोवर घोगरा आणि तुटक झाला होता. एकदा मी म्हणालो, ‘बाई, आता हे कशाला?’ ‘माझंही कुणी लिहून घेऊ दे की,’ म्हणाल्या.

मनीषा तेव्हा बारावीला होती. ती कधी कधी माझ्याबरोबर येई. एका शनिवारी ती म्हणाली, ‘बाई, मी फिजिओला जाणार.’ बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘आधी हात दाखव.’ तिनं पंजा पुढे केला. रुंद होता.

शेवटच्या शनिवारी मी एकटाच होतो. थंडी होती. खिडकीतून उन्हाचा पट्टा पलंगावर आला होता. बुवांनी उशी काढली आणि ते पायाशी बसले. मी पुठ्ठा धरला. तयार. डोकं उचल.

डोकं उचललं गेलं की नाही, मला खात्री नाही. केस गादीवरून किंचित सुटले. मी घड्याळ लावलं. धर. गळ्याची ती शीर मला दिसत होती. धर. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, नियमाप्रमाणे छताकडे बघत होत्या. तिसऱ्या ‘धर’ला माझा आवाज सपाट राहिला नाही. तेवढ्यात केस पुन्हा गादीला टेकले.

‘सोड’ म्हणायची वेळ आली नव्हती. तरी मी म्हणालो.

चिठ्ठी लिहिली, डब्यात टाकली. बाईंचे ओठ हलले. मी वाकलो.

‘माप... बाद. तुमचा... आवाज.’

‘हो बाई. बाद.’

त्या डोळ्यांनी हसल्या. बुवांनी उशी पुन्हा डोक्याखाली सरकवली. मी पिशवी उचलली, चपला घातल्या, खोलीच्या चौकटीबाहेर आलो आणि तिथे थांबलो. मागे वळलो. उन्हाचा पट्टा त्यांच्या हातावर आला होता आणि त्या दाराकडेच बघत होत्या, वाट बघितल्यासारख्या.

‘शाब्बास, बाई,’ मी म्हणालो.